गेम खेळताना संगणक वारंवार बंद पडतो? आधी एसएमपीएसचे लेबल वाचा

माझा भाचा कोल्हापुरात जवाहरनगरात राहतो. घराला लागूनच उद्यमनगर असल्यामुळे सकाळी दहाला लेथ आणि वेल्डिंगची जी घरघर सुरू होते ती संध्याकाळी उशिरापर्यंत थांबत नाही. गेल्या जूनमध्ये त्याचा फोन आला, "मामा, गेम चालू केला की धा मिनटांत बंद पडतंय बघा. बाकी काय बी केलं तर दिवसभर चालतंय." त्याच्या या एका वाक्यात निम्मे निदान होते. तरीही मी पोहोचण्यापूर्वी त्याने दोनदा विंडोज नव्याने टाकले होते, रॅमची एक पट्टी बदलली होती, प्रोसेसरवरची पेस्ट नव्याने लावून घेतली होती आणि ग्राफिक्स कार्ड खराब असल्याचे एकाने सांगितल्यामुळे ते विकण्याच्या विचारात तो होता. तेच कार्ड मित्राच्या संगणकात चार तास विनातक्रार चालले होते, पण त्या गोष्टीचा अर्थ कोणी लावला नव्हता.

ही तक्रार माझ्याकडे इतक्या वेळा येते, आणि तिच्यापायी मुलांचे व पालकांचे इतके पैसे वाया जातात, की तपासणीचा क्रम एकदा नीट लिहून ठेवणे मला आवश्यक वाटले. भिंतीतली वीज संगणकाच्या भागांना लागेल तशी करून देणारा डबा म्हणजे पॉवर सप्लाय; त्याला आपल्याकडे दुकानात सगळे एसएमपीएस म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

संगणक नेमका कसा बंद पडतो, ते आधी पाहावे

"बंद पडतो" या शब्दांत तीन-चार वेगळे दोष लपलेले असतात. निळा पडदा येऊन त्यावर संदेश दिसत असेल, तर संशय बहुधा ड्रायव्हर, रॅम किंवा डिस्कवर जातो. चित्र गोठून आवाज अडकत असेल, तर कार्डाचे तापमान आणि ड्रायव्हर आधी पाहावेत. पण कोणताही संदेश न येता, जणू कोणी प्लग उपटल्याप्रमाणे, पडदा एका क्षणात काळा होत असेल, तर वाट एसएमपीएसकडे किंवा भिंतीतल्या विजेकडे जाते.

या शेवटच्या प्रकारातही एक उपयोगी फरक आहे. संगणक काळा होऊन स्वतःच पुन्हा सुरू होत असेल, तर बहुधा एसएमपीएसकडून बोर्डाला (मदरबोर्डला) करड्या तारेतून मिळणारा "वीज ठीक आहे" हा संकेत क्षणभर तुटलेला असतो; तो तुटला की बोर्ड सगळे काम थांबवून पहिल्यापासून सुरुवात करतो. याउलट संगणक पूर्ण बंद होऊन बटण दाबले तरी दाद देत नसेल, आणि मागचा स्विच बंद करून थोड्या वेळाने लावल्यावरच सुरू होत असेल, तर एसएमपीएसमधील संरक्षण यंत्रणेने स्वतःहून पुरवठा तोडलेला असतो. भाच्याच्या संगणकात दोन्ही घडत होते. बहुतेक वेळा पहिला प्रकार, आणि खोली तापली की दुसरा.

विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमच्या नोंदी उघडल्या, तर प्रत्येक वेळी "कर्नल-पॉवर" या नावाखाली ४१ क्रमांकाची नोंद दिसते. ही नोंद पाहून पुष्कळ जण एसएमपीएस गेला असे जाहीर करतात, पण ते बरोबर नाही. संगणक रीतसर बंद न होता पुन्हा सुरू झाला, एवढेच ती सांगते. नोंदीच्या तपशिलात बगचेक कोड, म्हणजे विंडोजने टिपलेल्या दोषाचा क्रमांक, शून्य असेल, तर विंडोजला दोष टिपण्याइतकाही वेळ मिळाला नाही असे समजावे, म्हणजे वीज तुटल्याचा संशय वाढतो. तिथे शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर निळ्या पडद्याच्या वाटेने तपास करावा.

पैसे न खर्चता करता येणारी परीक्षा

मी सर्वप्रथम फक्त प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी अर्धा तास चालवली. संगणक टिकला आणि तापमानही ताब्यात राहिले. नंतर फक्त ग्राफिक्स कार्डावर ताण दिला, तेव्हा अकराव्या मिनिटाला तो गेला. दोन्ही चाचण्या एकत्र लावल्या, तेव्हा चाळीस सेकंदही टिकला नाही. त्यानंतर कार्डाची वीजमर्यादा सॉफ्टवेअरमधून ७० टक्क्यांवर आणली, गेममधील चित्रांचा वेग सेकंदाला ६० वर बांधून दिला आणि भाच्याला खेळायला बसवले. दोन तास काहीही झाले नाही. कार्ड तेच, गेम तोच, विंडोजही तेच होते. फक्त विजेची मागणी कमी झाली होती. माझ्या मते घरच्या घरी करता येण्याजोगी याहून चांगली परीक्षा नाही आणि दुकानात जाण्यापूर्वी प्रत्येकाने ती करून पाहावी.

मग मीटर लावला. एसएमपीएसच्या मोकळ्या मोलेक्स कनेक्टरमध्ये (चार छिद्रांचा जुना कनेक्टर) काळी कांडी काळ्या तारेच्या छिद्रात आणि लाल कांडी पिवळ्या तारेच्या छिद्रात धरली की १२ व्होल्टची लाइन मोजता येते. संगणकाच्या एसएमपीएससाठी असलेल्या एटीएक्स मानकानुसार तिच्यात पाच टक्के चढउतार मान्य आहे, म्हणजे ११.४० ते १२.६० व्होल्ट. संगणक रिकामा असताना १२.०६ दिसत होते. गेम सुरू होताच ११.५५ आणि मोठ्या लढाईच्या दृश्यात ११.३१. त्यानंतर पडदा काळा झाला. येथे एक सावधगिरी सांगतो: साधा मीटर सरासरी दाखवतो आणि मिलिसेकंदापुरती येणारी घसरण त्याला दिसतच नाही. म्हणून मीटरवरचा आकडा वाईट आला तर दोष सिद्ध होतो, पण आकडा चांगला आला म्हणून एसएमपीएस निर्दोष ठरत नाही. सॉफ्टवेअरमध्ये दिसणाऱ्या व्होल्टेजवर तर मी मुळीच विसंबत नाही.

एसएमपीएसचे झाकण मात्र कोणीही उघडू नये. आतल्या मोठ्या कपॅसिटरवर सव्वातीनशे व्होल्टच्या आसपास, आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी (भिंतीतून वीज सुरळीत ओढण्याची सोय) असेल तर त्याहूनही अधिक, डीसी दाब असतो व प्लग काढल्यानंतरही तो काही काळ टिकून राहू शकतो.

लेबलवरचा मोठा आकडा आणि १२ व्होल्टची ओळ

भाच्याचा एसएमपीएस कॅबिनेटबरोबर आलेला होता. वर ठळक अक्षरांत ४५० वॉट छापले होते. खालच्या तक्त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात १७ अँपिअर लिहिले होते. १२ गुणिले १७ म्हणजे २०४ वॉट. उरलेले वॉट ३.३ आणि ५ व्होल्टच्या लाइनवर दाखवून बेरीज ४५० पर्यंत नेली होती. गेम खेळणाऱ्या संगणकाची जवळजवळ सगळी भूक १२ व्होल्टच्या लाइनवर असते, कारण प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तिच्यावरच चालतात. त्याच्याकडचे आरटीएक्स ३०६० कार्ड १७० वॉटचे आहे, रायझन ५ ५६०० हा प्रोसेसर पूर्ण ताणावर ७६ वॉटपर्यंत घेतो, आणि बोर्ड, रॅम, एसएसडी व पंखे यांचे मिळून पन्नासएक वॉट धरले तर बेरीज तीनशेच्या घरात जाते. शिवाय आजची कार्डे काही मिलिसेकंदांपुरती आपल्या ठरलेल्या मर्यादेच्या कितीतरी वर झेप घेतात. २०४ वॉटच्या लाइनने हा भार दहा मिनिटे तरी कसा पेलला, याचेच मला नवल वाटले.

त्याहून गंभीर गोष्ट मागे दडलेली होती. या एसएमपीएसला ग्राफिक्स कार्डाची आठ पिनांची तार नव्हतीच, म्हणून दुकानदाराने दोन मोलेक्स जोडून आठ पिन करणारा कन्व्हर्टर लावून दिला होता. मी तो ओढला तर सहजी निघेना. जोर लावून काढला तेव्हा पांढऱ्या प्लास्टिकवर पिवळ्या तारेच्या बाजूला तपकिरी डाग पडलेला दिसला, तारेचे आवरण बोटाला चिकट लागले आणि जळक्या प्लास्टिकचा वास आला. कार्ड बोर्डाच्या स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट घेऊ शकते, उरलेले शंभरएक वॉट म्हणजे आठ-नऊ अँपिअर या बारीक, सैल कनेक्टरमधून जात होते. ज्या एसएमपीएसला कार्डाची स्वतःची तार नाही, तो त्या कार्डासाठी बनवलेलाच नाही असे समजावे. कन्व्हर्टर लावून काम भागवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो स्वीकारू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

नवा घेताना काय पाहिले

एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० साठी ५५० वॉटचा सप्लाय सुचवला आहे. आम्ही ६५० वॉटचा घेतला, कारण दोन वर्षांनी कार्ड बदलायचे झाले तर पुन्हा हाच खर्च नको. त्याच्या लेबलवर १२ व्होल्टच्या रकान्यात ५४ अँपिअर आहेत, म्हणजे ६५० पैकी ६४८ वॉट त्या एका लाइनवर मिळू शकतात. ही ओळ पाहणे ही माझी पहिली कसोटी असते. जुन्या धाटणीच्या सप्लायमध्ये १२ आणि ५ व्होल्ट यांचे नियंत्रण एकत्र बांधलेले असते. भार फक्त १२ वर पडला की ती लाइन खाली आणि ५ ची लाइन वर सरकते. नव्या रचनेत सगळी वीज आधी १२ व्होल्टवर तयार होते आणि ५ व ३.३ तिच्यातून वेगळ्याने काढले जातात. १२ व्होल्टचे वॉट एकूण वॉटच्या जवळपास असतील, तर बहुधा ही नवी रचना असते.

एसएमपीएसवर कार्यक्षमतेसाठी असलेल्या ८० प्लसच्या (ब्राँझ, गोल्ड वगैरे) बिल्ल्याबद्दल दोन गैरसमज मला सतत भेटतात. ५०० वॉटचा, ८५ टक्के कार्यक्षम एसएमपीएस ४२५ वॉटच देतो, हा पहिला. तसे नाही, तो संगणकाला ५०० वॉटच देतो, भिंतीतून मात्र सुमारे ५८८ घेतो आणि फरक उष्णता होऊन बाहेर पडतो. बिल्ला म्हणजे दर्जाची हमी, हा दुसरा. २००४ साली सुरू झालेली ही योजना कार्यक्षमता मोजते. व्होल्टेज किती स्थिर आहे, त्यावर किती तरंग आहेत, संरक्षण यंत्रणा वेळेवर चालते का, हे ती सांगत नाही. चाचणीही २३ अंशांच्या खोलीत होते, तर आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत कॅबिनेटच्या आतली हवा चाळिशी सहज ओलांडते. २०२१ साली एका मोठ्या कंपनीच्या ७५० आणि ८५० वॉटच्या गोल्ड बिल्ल्याच्या सप्लायबद्दल ते चाचणीत फुटत असल्याच्या तक्रारी गाजल्या, आणि अतिभार संरक्षणाची मर्यादा बदलून कंपनीला ते परत घेण्याची तयारी दाखवावी लागली. ब्राँझ किंवा त्यावरचा बिल्ला मी जरूर मागतो, पण त्याच्यावर थांबत नाही. सायबेनेटिक्स ही संस्था तिने तपासलेल्या मॉडेलचा चाचणी अहवाल प्रसिद्ध करते, त्यात व्होल्टेजची स्थिरता आणि तरंग दोन्ही पाहायला मिळतात. घ्यावयाचे मॉडेल तिथे शोधावे. केवळ कंपनीचे नाव पाहू नये, कारण एकच कंपनी वेगवेगळ्या मालिका वेगवेगळ्या कारखान्यांतून बनवून घेते.

यापलीकडे मी चार गोष्टी विचारतो. इनपुट १०० ते २४० व्होल्ट आहे का. १०५ अंश तापमानापर्यंत चालणारे कपॅसिटर आहेत का. वॉरंटी निदान पाच वर्षांची आहे का. आणि दुरुस्ती-बदली कोल्हापुरात होते की पुण्या-मुंबईला पाठवावे लागते. यातली पहिली आपल्या भागात सर्वांत महत्त्वाची. भाच्याच्या जुन्या एसएमपीएसवर २०० ते २४० व्होल्ट लिहिले होते, म्हणजे संध्याकाळी व्होल्टेज १९० वर उतरले की तो आपल्या हद्दीबाहेरच काम करत असे. काही स्वस्त सप्लायना मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल स्विच असतो. तो चुकूनही ११५ वर सरकवू नये, प्लग लावताच एसएमपीएस उडेल. खोक्यावर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि नोंदणी क्रमांक पाहून घ्यावा, बिलावर अनुक्रमांक लिहून घ्यावा. वापरलेला एसएमपीएस, कितीही नामांकित असला तरी, मी कोणाला सुचवत नाही.

जोडणी करताना एक चूक फार महागात पडते. मॉड्युलर (तारा सुट्या करता येणाऱ्या) सप्लायच्या तारा एका कंपनीच्या दुसऱ्या कंपनीला चालत नाहीत. कनेक्टर बसतो, पण एसएमपीएसच्या बाजूची पिनांची मांडणी वेगळी असते आणि पहिल्याच झटक्यात डिस्क जळू शकते. ज्या कार्डाला आठ पिनांची दोन कनेक्टर लागतात, त्याला दोन स्वतंत्र तारा द्याव्यात. सोळा पिनांचे कनेक्टर असलेले नवे कार्ड घेणार असाल, तर एटीएक्स ३.१ मानकाचा सप्लाय पाहावा आणि तो कनेक्टर टोकापर्यंत बसल्याची खात्री डोळ्यांनी करावी.

एसएमपीएस बदलूनही एकदा बंद पडला, तेव्हा

नवा सप्लाय लावल्यावर १२ व्होल्टची लाइन रिकामी असताना १२.१० आणि पूर्ण भारावर १२.०३ दाखवू लागली. नऊ दिवस काही झाले नाही. दहाव्या दिवशी संध्याकाळी सातच्या सुमारास संगणक पुन्हा बंद होऊन सुरू झाला. भाचा हिरमुसला, पण या वेळी त्याने सांगितलेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटली: पावसाळ्यात ओल्या फरशीवर अनवाणी असताना कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागला की मुंग्या येतात.

या मुंग्यांचे कारण सरळ आहे. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेल्या गाळणीत (फिल्टरमध्ये) फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून अर्थकडे जाणारे छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग जोडलेले असले की त्यांतली किंचित गळती जमिनीत जाते. अर्थिंग तुटलेले असले की कॅबिनेटचा पत्रा भिंतीतल्या व्होल्टेजच्या निम्म्यावर, म्हणजे ११५ च्या आसपास, तरंगत राहतो. प्रवाह अगदी अल्प असतो, म्हणून माणसाला झटका न बसता मुंग्या येतात. पण अर्थिंग नाही याची ती पक्की खूण आहे, आणि अर्थिंगशिवाय वळवाच्या पावसात विजा चमकतात तेव्हा स्पाइक गार्डही आपले काम पूर्ण करू शकत नाही.

वायरमनला बोलावून भिंतीतला बोर्ड उघडला. हे काम घरच्या माणसाने मीटर घेऊन करू नये. फेज आणि न्यूट्रलमध्ये २२९ व्होल्ट होते, फेज आणि अर्थमध्ये मात्र आकडा १४० च्या आसपास हलत होता. अर्थची हिरवी तार सॉकेटच्या मागे आलेली होती, पण स्क्रूखाली ती कधी गेलीच नव्हती. न्यूट्रलचा स्क्रू सैल होता आणि त्याच्याजवळचे बेकेलाइट काळे पडले होते. भार वाढला की त्या सैल जागी ठिणगी पडत असणार. एटीएक्स मानकात एसएमपीएसने वीज तुटल्यावर साधारण १६-१७ मिलिसेकंद तग धरावा अशी अपेक्षा आहे, आणि आपल्या ५० हर्ट्झच्या विजेचे एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे असते. म्हणजे एक पूर्ण आवर्तन हुकले तरी चांगल्या सप्लायचाही पूर्ण भारावर नाइलाज होऊ शकतो. वायरमनने सॉकेट बदलले, अर्थची तार जोडली आणि संगणकाचा प्लग जुन्या एक्स्टेन्शन बोर्डावरून काढून थेट भिंतीत आणला.

यूपीएसचा हिशेबही याच वेळी केला. भाच्याकडे ६०० व्हीएचा होता, त्याची खरी क्षमता ३६० वॉट. संगणकाचे ३०० वॉट भिंतीतून घेताना ३५० च्या आसपास होतात, मॉनिटरचे पंचवीस धरले की मर्यादा ओलांडली जाते. म्हणून लाईट गेली की यूपीएस ओरडून लगेच मान टाकत असे आणि दोष संगणकावर जात असे. गेमिंगसाठी निदान १००० व्हीएचा घ्यावा आणि खोक्यावरचा वॉटचा आकडा स्वतः वाचावा. बॅटरीवर गेल्यावर काही यूपीएस पायऱ्यापायऱ्यांची लहर देतात आणि अ‍ॅक्टिव्ह पीएफसी असलेले काही एसएमपीएस ती स्वीकारत नाहीत; परवडत असेल तर शुद्ध साइन लहर देणारा घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर संगणक चालवणाऱ्यांनी त्याचा मागचा स्विच यूपीएसच्या बाजूला आहे का ते पाहावे, कारण दुसऱ्या स्थितीत तो उशिरा उचलतो. इनपुट १०० ते २४० चा असेल, तर वेगळ्या स्टॅबिलायझरवर खर्च करण्याची गरज मला वाटत नाही.

सॉकेट बदलल्यानंतर भाच्याने माझ्या सांगण्यावरून एक वही ठेवली: तारीख, वेळ, कोणता गेम, बाहेर वेल्डिंग सुरू होते का. पावसाळा संपून दिवाळी झाली, वहीचे ते पान कोरेच आहे. जुना एसएमपीएस त्याच्या आईच्या शिवणाच्या हिशेबाच्या संगणकाला लावावा असे त्याच्या मनात होते. तो मी लावू दिला नाही. प्लग काढून ठेवलेल्या त्या सप्लायच्या बाहेरच्या तारा कापल्या, म्हणजे तो पुन्हा कोणाच्या कॅबिनेटमध्ये जाणार नाही, आणि मग ई-कचऱ्यात दिला.